चिमूटभर तुरटी

६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

आधी बातमी, ख्यालीखुशाली नंतर. तुझा पिवळा जिंकला!

हो, तुझाच. गालिच्यांच्या लोकरीसाठी तू कांद्याची सालं उकळतेस ना, त्या पाण्याला ज्याच्यामुळे पिवळेपणा येतो तोच पदार्थ शुद्ध होऊन इवल्याशा बाटलीत आमच्या प्रयोगशाळेत येतो. आमच्या प्रमुख बाईंनी पहिल्या दिवशी ती बाटली माझ्या हातात ठेवली तेव्हा मी म्हटलं, अहो, हे तर माझ्या मावशीच्या पातेल्यात बादलीभर असतं! बाई हसल्या नाहीत. बाई कधीच हसत नाहीत.

तर ऐक. आम्ही प्लास्टिकच्या ताटलीत पेशी वाढवतो. ताटलीला छोटे छोटे खण असतात. या पेशी म्हणजे शरीरातले पहारेकरी. त्यांच्यावर जंतूंच्या कवचाचा जरासा अंश टाकला की त्यांना वाटतं चोर शिरला, आणि त्या बोंब ठोकतात. त्या बोंबेलाच आम्ही दाह म्हणतो. चोर आल्यावर ओरडणं काही वाईट नाही. पण चोर नसताना बोंब चालूच राहिली तर काय होतं, ते तुझ्या बोटांच्या सांध्यांना विचार.

बोंब किती झाली हे आम्हाला मोजता येतं. मी पेशींना पिवळा दिला, बोंब कमी झाली. जास्त दिला, आणखी कमी. सगळ्यात जास्त दिलेल्या खणात तर चिडीचूप! आकडे बघून मी खुर्चीवरच गोल फिरले. शेजारच्या मुलाने विचारलं, बरी आहेस ना?

आता ख्यालीखुशाली. काका कसे आहेत? तुझी बोटं कशी आहेत?

तुझी,
भिंगरी


१५ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र तीनदा वाचलं गेलं. एकदा मी मनात, एकदा काकांनी मोठ्याने, आणि एकदा कारखान्यात मालकिणीपुढे. ती म्हणाली, बघा, आपण जन्मभर सालं उकळली आणि आपल्याला पत्ता नाही! माझी मान अशी ताठ झाली की दिवसभर खाली येईना. लहानपणी एका जागी बसायची नाहीस म्हणून तुला भिंगरी म्हणायला लागले, आणि आता त्याच भिंगरीला ताटलीतल्या पेशी मोजत बसावं लागतंय. बरी जिरली.

माझं विचारतेस तर सांध्यांची ती आठवड्याची गोळी चालू आहे. शनिवारी रात्री घ्यायची, रविवारी मेल्यासारखं पडायचं, सोमवारी कारखान्यात ओल्या लोकरीची वाफ नाकात गेली की पुन्हा ढवळायचं. बोटं ठीक आहेत गं, पण या मळमळीने जीव नकोसा केलाय. डॉक्टरीणबाईंना सांगायचं म्हटलं तर त्या रागावतील.

आणि आजारी पडायची ही वेळ नव्हे. नाट्यगृहाच्या दालनातला मोठा गालिचा दुरुस्तीला आलाय. कसरीने त्याची पार चाळण केलीय. त्यातला पिवळा उन्हाने उतरून उतरून असा काही झालाय की त्याला जुळणारा रंग काढताना माझी कसोटी लागणार आहे, आणि मग गाठ गाठ मारून सगळी भोकं भरायची. मालकीण म्हणाली, हे काम तुमच्याशिवाय कोणाला देणार नाही. असं म्हणाली आणि लगेच माझ्या हातांकडे पाहिलं. ते पाहणं मला फार झोंबलं. हे हात गेले तर मी काय करू? खिडकीत बसून काकांचं आवाज करत चहा पिणं ऐकू?

एक विचारते, अगदी सहज हं. तो पिवळा माणसाच्या पोटात गेला तर टिकतो का?

उत्तर पत्रानेच दे. फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि मागे भांडी घासल्याचा आवाज येतो. लिहिताना तुला वाक्य तरी पूर्ण करावं लागतं.

तुझी,
मावशी


२४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

टिकत नाही गं! तीच तर पंचाईत आहे. पोटातून रक्तात धड जात नाही. जो थोडाफार जातो त्याचं यकृत भलतंच काहीतरी करून टाकतं, आणि मग शरीर त्याला बाहेरची वाट दाखवतं. आमच्या ताटलीत पेशी त्यात डुंबत बसलेल्या असतात, माणसाला कोण डुंबवून ठेवणार? तो शरीरात टिकवायचा कसा यावर मोठमोठे लोक डोकं फोडून घेताहेत.

पुढच्या महिन्यात मला हे प्रयोगशाळेतल्या सगळ्यांसमोर मांडायचं आहे. बाई म्हणाल्या, सगळे प्रयोग पुन्हा एकदा करून बघ. मी करतेय, तेच येतंय. जितका जास्त पिवळा तितकी शांतता. सध्या मी हवेत आहे, मला खाली ओढू नकोस.

गोळीचा कंटाळा करू नकोस. मळमळीचं डॉक्टरीणबाईंना सांग, रागावल्या तर रागावल्या. गालिच्याचा फोटो पाठव.

तुझी,
भिंगरी


१२ मार्च

भिंगरे,

कशी आहेस? मी उत्तम. उत्तम म्हणजे अगदी खणखणीत! रविवार मला परत मिळालाय. गेल्या रविवारी काकांना घेऊन बागेत गेले, दोन फेऱ्या मारल्या, ते दमले, मी नाही. मळमळ कुठल्या कुठे पळाली. बोटंही मऊ आहेत. कसं काय ते विचारू नकोस, गंमत आहे. वेळ आली की सांगेन.

तुमच्या त्या डोकं फोडून घेणाऱ्या लोकांना एक निरोप दे. रंग टिकत नसला तर काय करायचं हे रंगाऱ्याला विचारावं, आम्ही काय मेलोत का? पहिल्या दिवशी कामावर आलेल्या पोरीलाही ते माहीत असतं.

गालिच्याचा पिवळा जुळला. चार वेळा फसला, पाचव्यांदा जुळला. मालकीण गालिच्यातला जुना धागा आणि माझा नवा उन्हात धरून बराच वेळ बघत उभी राहिली, आणि यातला आपला कोणता असं मलाच विचारायला लागली.

काका हल्ली विसरायला लागलेत. दाढीचा तुरटीचा खडा आपोआप झिजतोय म्हणतात. मी म्हटलं, दाढी वाढली असेल तुमची.

तुझी,
मावशी


२२ एप्रिल

प्रिय मावशी,

इतके दिवस लिहिलं नाही, रागावू नकोस. लिहायला तोंड नव्हतं. तू मजेत आहेस, फिरायला जातेस, एवढं वाचून बरं वाटत होतं म्हणून तुझं तेच पत्र पुन्हा पुन्हा वाचत होते. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलून दिली असणार, तीच तुझी गंमत, हे मी ओळखलंय.

माझं सगळं पाण्यात गेलं. सगळ्यांसमोर मांडलं, टाळ्या झाल्या, आणि मग बाईंनी एकच प्रश्न विचारला. त्या शांत खणातल्या पेशी जिवंत आहेत का, हे पाहिलंस?

मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाहिलं. तुला ही पद्धत आवडेल, कारण तीही रंगाचीच आहे. पेशींवर एक निळा रंग टाकायचा. जिवंत पेशी त्याला आत घेत नाही, दार लावून बसते. मेलेल्या पेशीचं दार उघडंच असतं, ती निळी होते. मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, आणि सगळ्यात जास्त पिवळा दिलेला खण निळाच निळा. एकूण एक निळ्या. माझी चिडीचूप शांतता ती हीच. बोंब मारायला कोणी उरलंच नव्हतं, मावशी. मी त्यांना मारलं आणि वर खुर्चीवर गोल फिरले.

आता कमी मात्रेपासून सगळं पुन्हा करायचं. करेन. पण तुला एवढ्या बढाया मारल्या होत्या म्हणून आधी तुला सांगते. मालकिणीला सांगू नकोस हं.

तुझी,
भिंगरी


२९ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी, काका, लिहीत आहे. मजकूर तुझ्या मावशीचा. मी कोर्टात लघुलेखक होतो. समोरचा जे बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं, गाळायचं काही नाही, ही माझी जन्माची सवय. ती आता मोडणार नाही, असं मावशीला आधीच बजावलं आहे. ती म्हणाली, बरं बरं, घ्या लिहायला. मजकूर पुढीलप्रमाणे.

भिंगरे, तुझं पत्र मिळालं. अजिबात वाईट वाटून घेऊ नकोस. चुका होतात. मी किती लोकर वाया घालवलीय, तुला काय सांगू. मी मजेत आहे. हाताला जरा लागलंय म्हणून काका लिहितायत. सुजलेत असं लिहू नका हो. नुसतं लागलंय लिहा. पुढे. माझ्या ओळखीची एक बाई आहे. कारखान्यातली. नको, कारखान्यातली नको, शेजारची लिहा. तर या शेजारच्या बाईने तुझं ते पहिलं पत्र ऐकलं, आणि ती रोज सकाळी सालांचं दाट पाणी अर्धा पेला घ्यायला लागली. तिला काही होईल का? त्या निळ्या पेशींसारखं? ती विचारतेय, मी नाही. ती जरा घाबरलीय. जरा नाही, फार घाबरलीय. आणि हेही विचार की त्यात चिमूटभर तुरटी पडली तर काय होतं. कारण भिंगरे, तूच लिहिलंस रंग टिकत नाही, आणि तुरटीवाचून रंग धरतो का कधी? लोकरीला नाही धरत तर माणसाला कसा धरेल? अहो, असं काय बघताय माझ्याकडे? लिहा ना. तुरटी. हो, तुमचीच. तुमच्या दाढीचीच. झालं समाधान? आणि गोळ्यांचं काय विचारताय मध्येच? गोळ्या कुठे जातायत, डब्यात आहेत. सगळ्या आहेत. फेब्रुवारीपासून एकही नाही घेतली. हे लिहू नका! लिहिताय? अहो, तुम्ही माणूस आहात की यंत्र?

इथे मजकूर संपला. तुझी मावशी उठून गॅलरीत गेली आहे. खालचं माझं.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं ती खरंच बरी होतेय. गेल्या आठवड्यापासून बोटं सुजली आहेत, लाल आहेत, हात लावला तर गरम लागतात. आज सकाळी तिला कप धरता आला नाही. कारखान्यात जात नाही, मला तिथे काम कमी आहे असं सांगते. पोटातही दुखतं, तेही लपवते. भिंगरे, मी काय करू ते ताबडतोब कळव.

काका


२ मे

मावशी,

काल फोनवर मी ओरडले आणि तू फोन काकांच्या हातात देऊन आत जाऊन बसलीस. म्हणून आता लिहितेय. हे तुला वाचावंच लागेल, कारण काका मोठ्याने वाचणार आणि एक शब्द गाळणार नाहीत.

शेजारच्या बाईला सांग की ती महामूर्ख आहे. आणि तिला हेही सांग की तिची भाची काल जेवली नाही.

तुरटी! कोणाच्या डोक्यात येईल गं हे? जगात इतकी माणसं काय काय उकळून पितात, पण रंग पक्का बसावा म्हणून स्वतःला तुरटी लावणारी तू एकटीच. मी तुला टिकत नाही असं लिहिलं ते तू टिकवायचा उपाय काढावास म्हणून नाही लिहिलं, ते आमचं रडगाणं होतं. आणि मुळात मी लिहिलं ते ताटलीतल्या पेशींबद्दल. ताटलीला यकृत नसतं, मूत्रपिंड नसतं, हट्टी स्वभाव नसतो.

ती गोळी बंद केल्यावर पहिले काही आठवडे बरं वाटतं, कारण आधीच्या गोळ्यांचा गुण उरलेला असतो आणि मळमळ मात्र थांबते. तुला वाटलं पिवळ्याने केलं. तो उरलेला गुण संपला आणि बोंब सुरू झाली. चोर नाही, काही नाही, तुझ्याच सांध्यांवर तुझेच पहारेकरी. ही बोंब फार दिवस चालली तर सांधे कायमचे वाकतात. तुझे हात, मावशी. मला लिहिताना रडू येतंय.

ते पाणी आत्ताच्या आत्ता मोरीत ओत. आजच डॉक्टरीणबाईंकडे जा. यकृत, मूत्रपिंडं, सगळं तपासायला सांग. आणि तिथे शेजारच्या बाईची गोष्ट सांगू नकोस, आपलीच सांग. तुरटीसकट. काका, तुम्ही सोबत जा आणि ती जे गाळेल ते तुम्ही बोला.

मी तुझ्यावर भयंकर चिडलेय. माझ्यावर त्याहून जास्त. मी उड्या मारल्या नसत्या तर तुझ्या हातात तो पेला आला नसता.

भिंगरी


११ मे

चि. भिंगरीस आशीर्वाद.

आधी निकाल सांगतो, कारण तू पहिली तीच ओळ शोधशील. यकृत ठीक. मूत्रपिंडं ठीक. हातांचे फोटो काढले, सांध्यांची हाडं झिजलेली नाहीत. डॉक्टरीणबाईंचे शब्द जसेच्या तसे, "वेळेत आलात."

आता सविस्तर. मावशीने सगळं सांगितलं. तुरटीपाशी अडखळली, तेव्हा मी खिशातून खडा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, हे कशासाठी? मावशी म्हणाली, रंग धरायला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ती रंगारी आहे. मग त्या बराच वेळ खाली बघून लिहीत राहिल्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

नंतर मात्र गंभीर झाल्या. म्हणाल्या, मळमळ होते हे मला का नाही सांगितलं? मावशी म्हणाली, तुम्ही रागवाल म्हणून. त्या म्हणाल्या, मी आता रागावलेय, तेव्हा नसते रागावले. तेच औषध सुईनेही घेता येतं म्हणे, आणि तसं घेतलं की पुष्कळांना मळमळ कमी होते. एवढीशी गोष्ट! पोटरीत सुई टोचून घ्यायला तिची हरकत नाही, मांडीत नको म्हणते, डॉक्टरीणबाई म्हणतात मांडीतच. हा वाद तिथेच मिटला, मांडीत. सूज लवकर उतरावी म्हणून थोड्या दिवसांसाठी दुसरी गोळी दिली आहे. पोटाचं दुखणं आणि शौचाला न होणं हे तुरटीचं असावं, ते सुधारतंय.

बाहेर आलो तेव्हा मावशी औषधांच्या रांगेत उभी होती. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो आणि चक्क रडलो. माझा जीव किती टांगणीला लागला होता ते मला तिथे बसल्यावर कळलं. हेही गाळत नाही.

पण ती अजून सावरलेली नाही. मालकिणीने निरोप पाठवला की गालिचा थांबवून ठेवते, दुसऱ्या कोणाला देत नाही. तो निरोप ऐकून खूश होण्याऐवजी ती बेसिनचा नळ सोडून त्याच्यापुढे उभी राहिली. मी मागून जाऊन पाहिलं तर रडत होती. तिला वाटतं हात आता परत यायचे नाहीत, आणि तू तिच्यावर कायमची रागावलीस. दुसऱ्या गोष्टीचं तरी तू बघ.

काका


१९ मे

माझ्या लाडक्या, महामूर्ख मावशी,

काकांचं पत्र लिफ्टमध्ये उघडलं आणि "यकृत ठीक" वाचल्यावर माझा जीव भांड्यात पडला. मी एका अनोळखी आजोबांना सांगितलं, माझ्या मावशीचं यकृत ठीक आहे! ते म्हणाले, अभिनंदन. माझा मजला मागे गेला तरी मी आतच.

मी रागावलेली नाही. होते, दीड दिवस. तुझ्यावर त्याहून जास्त वेळ कोणाला रागावता आलंय?

आता एक गंमत ऐक. तुझ्या पेल्याच्या तळाला पिवळा गाळ बसायचा ना? तो तू टाकून द्यायचीस ना? मी काल घरी सालं उकळून चिमूटभर तुरटी टाकून बघितली. तुरटी एका हाताने रंग धरते आणि दुसऱ्या हाताने लोकर, म्हणून रंग पक्का होतो, बरोबर? पण पेल्यात लोकर कुठे होती? मग तुरटीने नुसताच पिवळा धरला आणि दोघं गळ्यात गळे घालून तळाशी बसले. बराचसा पिवळा तुझ्या पोटात गेलाच नसणार! तू पीत होतीस ते बहुतेक तुरट पाणी. म्हणजे जो रंग टिकवायला तू तुरटी घातलीस, तिनेच तो तुला लागू दिला नाही. बाईंना हे सांगितलं. मावशी, बाई हसल्या. हातातली काचेची नळी खाली ठेवून हसल्या. अख्खी प्रयोगशाळा बघायला आली.

आणि माझंही अगदीच पाण्यात गेलं नाही. कमी मात्रेच्या खणांवर निळा टाकून पाहिला, पेशी जिवंत आहेत. बोंब थोडी उतरलीय, थोडीच, पण खरी. गंमत म्हणजे हा पिवळा काही मायेने थोपटत नाही. तो पेशीची हलकीशी खोडी काढतो, तिला जरा ताण देतो, आणि तेवढ्याने ती जागी होऊन आपलीच आतली सामग्री बाहेर काढते, सावरून बसते. खोडी वाढली की मात्र मरते. थोडं आणि फार यांच्यात एवढंसंच अंतर आहे. ताटलीत ते मला सापडलं. माणसात कुठे असतं, असतं की नाही, हे मला माहीत नाही, आणि यापुढे माहीत नाही असंच लिहीन.

हात परत येतील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना वेळेत आलात? त्या सुईला जरा वेळ दे. काकांना हैराण करत राहा, तेवढाच व्यायाम.

तुझी,
भिंगरी


३० जून

भिंगरे,

बघ कोण लिहितंय! अक्षर मुंग्या चालल्यासारखं आलंय, पण माझं आहे. चार ओळी लिहिते, मग थांबते, मग चहा, मग पुन्हा चार ओळी. सकाळपासून हेच चाललंय.

सुईच्या दुसऱ्या दिवशी आता जरा जड वाटतं, बस. वाफेने ढवळत नाही. सूज आधी मनगटातून उतरली, मग मधल्या बोटांतून. करंगळी अजून रुसलेली आहे. काल मालकिणीने रिक्षा पाठवून मला कारखान्यात नेलं, म्हणाली, नुसतं बसा. मी बसले. गालिचा समोर पसरलेला, माझ्या पिवळ्याच्या लडी तशाच टांगलेल्या. थोडा वेळ नुसती बघत होते. मग म्हटलं, एक गाठ मारून बघू. मारली. घट्ट बसली. मग दुसरी मारली. मालकीण ओरडली, नुसतं बसा म्हटलं होतं ना! मी म्हटलं, बसूनच मारतेय. एक ओळ पुरी केली आणि उठले, हावरटपणा केला नाही. घरी येईपर्यंत रिक्षात एकटीच हसत होते. भिंगरे, मला वाटलं होतं संपलं सगळं. खरंच वाटलं होतं.

यापुढे काही दुखलं, ढवळलं, टोचलं, तर आधी डॉक्टरीणबाईंना सांगेन, मग तुला. उकळलेलं पाणी फक्त लोकरीला. तू आपली थोडी थोडी खोडी काढत राहा पेशींची, आणि निळा टाकून बघायला विसरू नकोस.

डॉक्टरीणबाईंनी एक व्यायाम दिलाय. रोज सकाळी समोरच्याचं बोट मुठीत धरायचं आणि जमेल तेवढं दाबायचं. समोरचा म्हणजे काका, दुसरं कोण आहे? आज सकाळी दाबलं तर ते केवढ्याने ओरडले! शेजारीण दार वाजवून गेली. ते पुढे काहीतरी लिहायचं म्हणतायत, त्यांच्याकडे कागद देते.

तुझी,
मावशी

भिंगरे, खालचं माझं. गेला दीड महिना ती रोज सकाळी माझं बोट दाबायची आणि मला काही म्हणजे काही जाणवायचं नाही. ती विचारायची, आज जोर आहे का हो? मी म्हणायचो, आहे, कालच्यापेक्षा जास्त आहे. जे झालं नाही ते झालं म्हणून मी कोर्टात कधी एक अक्षर लिहिलं नाही, पण तिला रोज सांगत होतो. आज ओरडलो ते मात्र खरं.

काका